घरच्या कॉम्प्युटरवरून बैठक, सयपाकघर अन कोठ्यात एकाच वेळी गाणे वाजवाचे हायेत, कसं जमन?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राम राम मंडळी. अथी जानकार लोकं बम हायेत म्हणून इचारतो, हसजा नोका.

घरी एक जुना डेस्कटॉप हाय, विंडोज त्याच्यात सरकेच ना म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट टाकून देल्लं. बाबाच्या सप्पा कॅसेटी मी त्याच्यात उतरवून ठेवल्या, खंजिरी भजनं, कीर्तनं, आमच्या गावच्या दंडारीच्या जुन्या रेकॉर्डिंगा, काही एमपीथ्री हायेत काही फ्लॅक, म्हंजे दर्जा न घटवता दाबलेल्या फायली. आता बाबाचं म्हणनं असं का सकाळी दूध काढतानी कोठ्यात भजन लागलं पायजे, अन तेच भजन मायले सयपाकघरात ऐकू आलं पायजे, अन बैठकीत पावनेरावने असले तं तथीबी. मोबाईल घेऊन फिरा लागू नये.

सामान असं हाय. बैठकीत नागपूरहून आनलेला सेकंडहॅंड एव्ही रिसीव्हर, मांगं लॅनचं सॉकेट हाय, डीएलएनए अन एअरप्ले, म्हंजे नेटवर्कवरून गाणे वाजवाच्या पद्धती, दोन्ही लिवलेलं हाय. सयपाकघरात लहान वायफाय स्पीकर. कोठ्यात जुना ॲम्प्लिफायर अन त्याले जोडलेला रास्पबेरी पाय ३, म्हंजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, थो भाच्याचाच, कालेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला. डेस्कटॉप राऊटरले वायरनं जोडलेला हाय.

आता भानगड सांगतो. रिसीव्हर अन स्पीकर दोन्हीवर डीएलएनएनं एकच भजन लावलं तं एक पुढं एक मांगं, अन जसा येळ जाते तसं अंतर वाढतच जाते, अर्ध्या घंट्यात असं वाटते का दोन भजन मंडळं भांडून राहिले. कोठ्यातला पाय तं डेस्कटॉपले दिसतच नाई. मंग एका व्हिडिओत पाहून लिनक्सचा आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओमधली नेटवर्कवर सप्पाइकडे आवाज पाठवाची टिक लावली, तं पायवर आवाज आलाच नाई पण घरचं वायफाय असं बसलं का पोरीची ऑनलाईन टेस्ट अर्ध्यात अटकली, व्हॉट्सॲपचा साधा मेसेज जाईना. टिक काढली का वायफाय ठनठनीत. हे काहून होऊन राहिलं? अन पैसे जास्त लावाची इच्छा नाई, सोयाबीनचा भाव तुमाले मालूमच हाय.

टिंकू८८

कायले एवढी झंझट भाऊ, एक मोठा ब्लूटूथ स्पीकर घे आन आंगणात ठेव, सगळीकडे ऐकू येते 😄

पऱ्हाटीवाला

मातीची भीत दोन फूट जाड हाय टिंकू. ब्लूटूथ बैठकीतून सपरीत येईपर्यंतच मरते. अन आंगणात ठेवला तं शेजारी येते भांडाले.

हिंगणघाटची

भाऊ, तुमच्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एकत्र धरू नका. आधी सांगा कोठ्यात वायफाय कसं नेलं? तिथे दुसरा राऊटर आहे का? असेल तर डेस्कटॉपचा आयपी पत्ता आणि पायचा आयपी पत्ता दोन्ही बघून इथे टाका. मला शंका येऊन राहिली आहे.

वायफाय बसतं त्याचं कारण तेवढ्यात सांगते. ती टिक लावली की डेस्कटॉप आवाज मल्टिकास्टने सोडतो, म्हणजे कोणा एकाला नाही, ज्याला पाहिजे त्याने घ्या अशा पत्त्यावर. पल्सऑडिओ तिथे कच्चा, न दाबलेला आवाज पाठवतो, सीडीच्या दर्जाचा धरला तर सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे जवळपास १.४ मेगाबिट. वायरवर हे काहीच नाही. पण वायफायवर मल्टिकास्ट पाठवताना राऊटरला माहीत नसतं की ऐकणारा जवळ आहे की लांब, म्हणून तो सगळ्यात हळू, सगळ्यांना समजेल अशा वेगाने पाठवतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग बऱ्याच राऊटरमध्ये १ मेगाबिटच असतो. आता १ मध्ये १.४ कसं बसवणार? सगळा हवेतला वेळ त्यातच जातो, पोरीच्या टेस्टला जागाच उरत नाही. वरून मल्टिकास्टला पोचपावती नसते, पाकीट हरवलं तर हरवलं, परत येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही तुटकंच ऐकू येतं. घरात एकही जण ऐकत नसला तरी साधा राऊटर हे सगळं हवेत ओततच राहतो. काही राऊटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची सेटिंग असते, ती चालू केली की ज्या पोर्टवर मागणी आहे तिकडेच माल जातो, पण केबलवाले देतात त्या डब्यात ती सापडेल याची आशा कमी. ती टिक काढा आणि तो व्हिडिओ विसरा.

पऱ्हाटीवाला

ताई एकदम बराबर पकडलं. कोठ्यात दुसरा राऊटर हाय, घरून कोठ्यापर्यंत लॅन वायर वरून तानली, अंदाजे ३० मीटर असन. केबलवाल्या पोरानं लावून देल्ला तसाच हाय. डेस्कटॉपवर १९२.१६८.१.७ दिसते अन पायवर १९२.१६८.०.१०१.

हिंगणघाटची

बस, हेच. तिसरा आकडा बघा, घरी १ आणि कोठ्यात ०. म्हणजे कोठ्यातला राऊटर स्वतःचं वेगळं गाव वसवून बसला आहे. इंटरनेट चालतं कारण आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आत कोणाला दिसत नाही. एकमेकांना शोधायच्या ज्या हाका असतात, डीएलएनएची २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर जाते, एअरप्लेवाली २२४.०.०.२५१ वर, त्या राऊटर ओलांडून पलीकडे जातच नाहीत.

करायचं एवढंच की कोठ्यातल्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (राऊटर नुसतं वायफाय पसरवतो तो) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ मध्ये कुठेतरी रिकाम्या जागी द्या, आणि घरून आलेली वायर वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमधून काढून लॅनच्या पोर्टमध्ये खोचा. वॅनचं पोर्ट बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं. यानंतर पायला १९२.१६८.१ वाला पत्ता मिळाला की समजायचं झालं. आणि पाय तिथल्या राऊटरला वायरनेच जोडा, शेजारी शेजारी असून वायफाय कशाला.

आता मागेपुढे होण्याचं. डीएलएनएमध्ये मुळात दोन जागी एकत्र वाजवायची सोयच नाही. तुम्ही रिसीव्हरला सांगता की ही फाईल तिथून उचल आणि वाजव, तो आपल्या सवडीने उचलतो, आपल्या सवडीने सुरू करतो. स्पीकर त्याच्या सवडीने. आणि अंतर वाढत जातं ते प्रत्येकाच्या आतल्या क्रिस्टलमुळे, ते घड्याळ कधीच तंतोतंत सारखं नसतं. दहा लाखात ५० चा फरक म्हणजे काहीच नाही वाटत, पण तासाला ०.१८ सेकंद होतो, आणि तेवढ्यात घुमल्यासारखं ऐकू यायला लागतं. तुमचं अर्ध्या तासात एवढं बिघडतं म्हणजे त्यात दोघांचं बफर (आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा) भरणं-रिकामं होणं, प्रत्येक नव्या भजनाला कमीजास्त उशिरा सुरू होणं हेही मिसळलेलं आहे. एकाच बैलजोडीतला एक बैल दर फेरीला पाऊलभर पुढे सरकला तर नांगराची ओळ सरळ कशी निघणार, तसं. यांना एका काठीने हाकणारा लागतो.

तो हाकणारा म्हणजे तुमच्या कामासाठी स्नॅपकास्ट. डेस्कटॉपवर स्नॅपसर्व्हर, प्रत्येक खोलीत एक स्नॅपक्लायंट. सर्व्हर प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो की हा अमुक वेळेला वाजव, क्लायंट आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवत राहतो आणि मागे पडला की हळूच सावरून घेतो, कानाला कळत पण नाही. मल्टिकास्ट नाहीच, प्रत्येकाला वेगळी, पोचपावतीवाली टीसीपीची लाईन, त्यामुळे वायफाय आपल्या पूर्ण वेगाने पाठवतं आणि हरवलेलं पाकीट परत मागवता येतं. न सांगता आवाज फ्लॅकमध्ये दाबून पाठवतो, बफर १ सेकंदाचं धरतो. फुकट आहे.

रिसीव्हरवरचं डीएलएनए, एअरप्ले सगळं विसरा. त्याला नुसता ॲम्प्लिफायर समजा. घरात स्क्रीन फुटलेला एखादा अँड्रॉइड फोन असेलच, त्यात स्नॅपकास्टचं ॲप टाका, हेडफोनच्या भोकातून वायर काढून रिसीव्हरच्या ऑक्समध्ये द्या. सयपाकघरातल्या स्पीकरला ऑक्स असेल तर तिथेही तसंच. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपचं ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन झोपला की भजन झोपलं. आणि फोन चोवीस तास चार्जरवर ठेवला तर बॅटरी फुगते, मधूनमधून मागचं झाकण बघत जा.

झाडीपट्टी_साऊंड (ब्रह्मपुरी)

ताईनं सांगतलं ते बराबर आहे जी, पण माझं एक आयका. नाटकाच्या सीझनमध्ये वडसा ते ब्रह्मपुरी रात्रभर वायरीच तानत राहतो मी, त्या हिशोबानं सांगतो. कोठ्यात नेटवर्क कायले पायजे? तिथं तुम्ही वेगळं गाणं लावणारच नाही ना, जे घरात तेच कोठ्यात. मंग एक पीएचा (सभा-मंडपातल्या लाऊडस्पीकरचा) ॲम्प्लिफायर घ्या ज्याच्या मांगं १०० व्होल्ट लाईन लिवलेली राहते, घरातच ठेवा, अन दोन वायरी कोठ्यापर्यंत न्या, तिथं लाईन ट्रान्सफॉर्मरवाला एक भोंगा नाहीतर कॉलम. ना पाय, ना राऊटर, ना पासवर्ड. बाबानं घरी बटन दाबलं का कोठ्यात वाजलं.

साधी ८ ओहमची लाईन इतकी लांब नेऊ नका मातर. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३० मीटर म्हणजे जाऊन येऊन ६० मीटर, त्यातच १ ओहम जाते, स्पीकर ८ चा असला तं पावरचा अंदाजे पाचवा हिस्सा कमी भेटते, अन पातळ वायर घेतली तं आणखी. १०० व्होल्टवर करंट कमी म्हणून वायरीत काही जात नाही. पण १०० व्होल्ट म्हणजे १०० व्होल्ट आहे, उघडा जोड ठेवू नका, ढोरं आहेत तिथं, शिंगानं वायर ओढते.

हिंगणघाटची

@झाडीपट्टी_साऊंड दादा मुद्दा पटला. नुसतं भजन ऐकायचं असेल तर तुमचाच उपाय सगळ्यात टिकाऊ. फक्त त्यांच्याकडे पाय आणि ॲम्प आधीच आहे, वायर पण तानलेली आहे, म्हणून मी तिकडे गेले.

पुण्यातला_वऱ्हाडी

मी कामानिमित्त पुण्यात पण घर आर्वीकडे, आईबाबांसाठी असंच केलं आहे म्हणून लिहितो, फक्त स्नॅपकास्टऐवजी लिरियन म्युझिक सर्व्हर वापरला. तुमचा सगळा माल फायलींचा असेल तर याचाही विचार करा. ही जुनी चीज आहे, स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीने २००१ मध्ये स्लिमपीथ्री नावाचा डबा काढला, घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी नेटवर्कवरून वाजवणारा, त्याचाच हा सर्व्हर. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, स्क्वीझबॉक्स विकले, २०१२ मध्ये ते डबे बंद केले. पण सर्व्हर ओपन सोर्स होता म्हणून लोकांनी चालू ठेवला आणि आता त्याचं नाव लिरियन. दुकानदाराने दुकान बंद केलं तरी वस्तू चालते असं या धंद्यात फार कमी वेळा बघायला मिळतं, आत्ताचे वायफाय स्पीकर त्यांच्या कंपनीचा सर्व्हर बंद झाला की विटेसारखे पडून राहतात.

फायदा असा की बाबांना मोबाईलच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता आणि ९००० पोर्ट टाकून सगळी भजनं फोल्डरप्रमाणे दिसतात, कोणत्या खोलीत काय, आवाज किती, सगळं तिथूनच. खोल्या एकत्र जोडल्या की बरोबर वाजतात, सोडल्या की वेगवेगळं. तुमच्या रिसीव्हरच्या डीएलएनएसाठी यूपीएनपी ब्रिज आणि एअरप्लेसाठी राओप ब्रिज नावाचे प्लगइन आहेत, त्याने रिसीव्हर सर्व्हरला स्क्वीझबॉक्सच वाटतो. पण यूपीएनपीवाल्या जोडणीत वेळ पक्की जुळेल याची खात्री धरू नका, एकट्याने वाजवायला मस्त. जिथे एकत्र वाजवायचं तिथे ताई म्हणतात तसं ऑक्सच बरं.

कोठ्यातल्या पायसाठी मात्र एक गोष्ट नक्की करा, त्यावर पायकोअरप्लेअर ही लिरियनचं गाणं वाजवणारी लहान सिस्टिम टाका. कारण आपल्याकडची लाईन. नेहमीच्या सिस्टिममध्ये पाय एसडी कार्डावर सतत काहीतरी लिहीत असतो, आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली की कार्ड खराब. पायकोअरप्लेअर चालू होताना सगळं रॅममध्ये उचलतो आणि कार्डाला हातच लावत नाही, दिवसातून दहा वेळा लाईन गेली तरी फरक नाही, आली की आपोआप उठतो. राऊटर आणि डेस्कटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर नसतील तर डेस्कटॉपच्या बायोसमध्ये लाईन आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग पण लावून ठेवा, नाहीतर सकाळी चारला कोण बटन दाबणार.

दुसरं, ती वरून तानलेली ३० मीटरची लॅन वायर. लांबीची अडचण नाही, १०० मीटरपर्यंत चालते. अडचण विजेची. मृगात कडाडायला लागलं की उघड्यावरच्या तांब्याच्या वायरीत जवळपास कुठे पडलेल्या विजेचाही झटका शिरतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जातात, कधी त्याला जोडलेला डेस्कटॉप पण. घर आणि कोठ्याचं अर्थिंग वेगळं असतं ते निराळंच. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकलेलं सगळ्यात चांगलं, काचेतून करंट जात नाही. फक्त त्यात ताणासाठी लोखंडी तार असते ती बाहेरच कापून घ्या, आत आणू नका. केबलवाल्याकडे ड्रॉप फायबरचे उरलेले तुकडे असतात, तोच टोकं जोडून देईल, आणि दोन बाजूंना फायबर आणि लॅन वायर जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची जोडी लागेल. तेवढं जमत नसेल तर ढग आले की वायर दोन्हीकडून काढून ठेवायची.

झाडीपट्टी_साऊंड

विजेचं खरं आहे जी. मंडपातला मिक्सर असाच गेला होता आमचा, वीज पडली शेजारच्या मोहावर अन चॅनल गेले इथचे. आणि टिनाखाली पाय ठेवून राहिले ना, मे महिन्यात काय होईन त्याचं?

हिंगणघाटची

पाय ८० डिग्रीच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो. नुसतं गाणं वाजवायला त्याला फार मेहनत पडत नाही, पण बाहेर ४५ आणि टिनाखाली त्याहून जास्त असेल तर बंद डब्यात कोंडू नका. टिनापासून लांब, खाली, भिंतीला लावून, मातीची भिंत थंड असते. आणि धूळ-कुटाराची काळजी घ्या, कुटार सगळीकडे शिरतं.

पऱ्हाटीवाला

सप्पाइले धन्यवाद. आजचा हिशोब सांगतो.

कोठ्यातल्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा मोड होता, लावला, वायर लॅनमध्ये टाकली, पाय लगेच दिसला. पायकोअरप्लेअर टाकला. डेस्कटॉपवर पहिले लिरियनच टाकलं कारण बाबाले फोल्डर दिसले पायजे, नावं मराठीत हायेत अन ब्राउझरमध्ये सप्पा चांगले दिसते. बैठकीत पोरीचा जुना फोन ऑक्सले जोडला, त्याच्यात लिरियनवालं प्लेअर ॲप टाकलं. बैठक अन कोठा जोडून पाह्यलं, सपरीत उभं राहून दोन्हीकडचं ऐकलं, टाळ एकच ऐकू येते. पोरगी टेस्ट देऊन राहिली होती तेव्हाच लावून पाह्यलं, वायफायले काही झालं नाई. सयपाकघरातल्या स्पीकरले ऑक्स नाई, ब्लूटूथ अन वायफायच हाय, थो मातर मांगं पडते.

लाईन ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्याचं डोक्स्यात ठेवलं हाय, पाय जर ह्या उन्हाळ्यात गेलाच तं थेच करतो.

अजून दोन गोष्टी इचाराच्या होत्या. एक, बाबाले आकाशवाणी नागपूर अन यूट्यूबवरचं कीर्तन पण असंच सगळीकडे पायजे. दोन, रिसीव्हर डीएलएनएवर लावला का त्याच्या डिस्प्लेवर भजनाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन येते.

पुण्यातला_वऱ्हाडी

चौकोनाला इलाज नाही, त्या डिस्प्लेच्या आत देवनागरी अक्षरंच भरलेली नसतात. फायलीचं काही बिघडलेलं नाही, नावं बदलत बसू नका. आता ऑक्सवरच वाजवून राहिले तर डिस्प्लेकडे बघायचं कामच नाही.

रेडिओच्या स्ट्रीमचा पत्ता लिरियनच्या फेव्हरिटमध्ये टाकून द्या, मग ते एका भजनासारखंच दिसतं.

सयपाकघराच्या स्पीकरसाठी एक जुना फोन ब्लूटूथने त्याला जोडून बघा. ब्लूटूथचा उशीर साधारण पाव सेकंदाच्या आसपास असतो, पण एका जोडीत तो बराचसा ठरलेला राहतो, म्हणून भरून काढता येतो. लिरियनमध्ये प्रत्येक प्लेअरच्या सेटिंगमध्ये सिंक्रोनायझेशनखाली मिलिसेकंदात विलंब टाकायची जागा आहे, तिथे थोडं थोडं वाढवत कानाने जुळवा.

हिंगणघाटची

यूट्यूबसाठी मात्र स्नॅपकास्ट सोपं पडेल, कारण तिथे फाईल नाही, डेस्कटॉपमधून निघणारा आवाज उचलायचा आहे. दोन्ही एकाच डेस्कटॉपवर राहू शकतात, भांडत नाहीत. फक्त स्नॅपकास्टचा १ सेकंदाचा उशीर असतो, म्हणून कीर्तन ऐकायला चालेल, बघायला नाही, महाराजांचं तोंड आधी हलेल आणि शब्द मागून येईल. टीव्हीसमोर बसून बघायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरता आवाज सरळ डेस्कटॉपमधूनच काढा.

आणि कोठ्यात जुळवाजुळव करायला फार मिलिसेकंद मोजू नका. आवाज सेकंदाला ३४० मीटर चालतो, ३० मीटरवरून बैठकीतला आवाज कोठ्यापर्यंत पोचायलाच ९० मिलिसेकंद लागतात. सपरीत उभं राहून बरोबर वाटत असेल तर सोडून द्या.

पऱ्हाटीवाला

बरं ताई. रेडिओचं आताच लावतो, सात वाजताच्या बातम्या चालू व्हाच्या आंधी. फायबरसाठी केबलवाल्याले फोन केला होता, थो म्हणते तुकडा हाय पण कन्व्हर्टर यवतमाळहून आनाव लागन. कोनाकडे जुनी जोडी पडली असन तं सांगजा.

टिंकू८८

पुसदले माझ्या मित्राच्या दुकानात आहे एक जोडी, कॅमेऱ्याच्या कामातून निघालेली. विचारून मेसेज करतो तुले.